ब्लूनोज: एका फिटरचं पहिलं लाकडी जहाज

१८ मे २०२४

खोका आज उघडला. आत ब्लूनोज या जहाजाचं छोटं लाकडी मॉडेल बांधायचं किट. लेक कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून महिन्याभरासाठी आली आहे. बॅगेत कपडे कमी, हा खोकाच जास्त. "बाबा, रिटायर झाल्यापासून घरातला प्रत्येक नळ तुम्ही दोनदा खोलून बसवलाय. आता हे घ्या," म्हणाली.

आत लेझरने कापलेल्या प्लायच्या चार पाट्या, रबर लावलेल्या लाकडी पट्ट्यांच्या जुड्या, गोल काठ्या, बारीक पितळी चुका (छोटे खिळे), दोऱ्याची रिळं, ओतीव धातूचं सटरफटर सामान आणि तीन मोठे नकाशे. पुस्तिकाही आहे, पण ज्याने आधी चार जहाजं बांधली आहेत त्यालाच ती कळावी. "आता फळ्या बसवा" या एका वाक्यात त्यांनी बहुतेक माझे तीन महिने गुंडाळलेत. पट्ट्यांवर नाव-नंबर काही नाही. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) काढला आणि मोजून ढीग लावले. दीड बाय पाच मिलिमीटरच्या लिंडन लाकडाच्या पट्ट्या आतल्या थराला, ०.६ बाय चारच्या अक्रोडाच्या बाहेरच्या थराला, फिकट रंगाच्या पट्ट्या डेकसाठी. अक्रोडाच्या दोन पट्ट्या यादीपेक्षा कमी भरल्या. बघू पुढे.

बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. दोन थाउ (इंचाचे हजारावे भाग) इकडचे तिकडे झाले की जॉब भंगारात, अशा ठिकाणी. लाकडाचा अनुभव विचाराल तर गणपतीचं मखर, आणि तेही थर्माकोलचं.

१९ मे

जहाजाची माहिती आत्ताच लिहून ठेवतो. पुढे डोकं गोंदात अडकलेलं असेल.

ब्लूनोज ही कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातली मासेमारीची स्कूनर. दोन डोलकाठ्या, आणि शिडं आडवी न लावता जहाजाच्या लांबीच्या दिशेने. लुनेनबर्ग गावातल्या स्मिथ अँड रूलंडच्या गोदीत बांधली, २६ मार्च १९२१ रोजी पाण्यात उतरवली. आराखडा विल्यम रूए यांचा. या माणसाच्या घरचा धंदा सोडावॉटरचा, जहाजांचे आराखडे तो स्वतःच शिकला. हे वाचून मला उगाचच धीर आला.

झालं असं की १९२० साली हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्राच्या मालकाने मासेमारी जहाजांच्या शर्यतीसाठी चषक ठेवला आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्लॉस्टर बंदराचं एस्पेरांतो नावाचं जहाज तो घेऊन गेलं. तो परत आणायला ब्लूनोज बांधली. शर्यतीची अट मला आवडली: जहाजाने आधी खरोखरची मासेमारी केलेली पाहिजे, शोभेची शर्यतबोट चालणार नाही. म्हणून ब्लूनोज पहिला हंगाम ग्रँड बँक्स या समुद्रातल्या मासेमारीच्या भागात कॉड मासे पकडायला गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कप्तान अँगस वॉल्टर्सने चषक जिंकला. १९३८ साली या चषकाची शेवटची शर्यत झाली, तीही तिचीच. पुढे जहाजांना इंजिनं आली आणि शिडांची किंमत उतरली. १९४२ मध्ये तिला वेस्ट इंडीजकडे मालवाहतुकीसाठी विकलं, आणि जानेवारी १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर आपटून ती संपली. १९६३ साली त्याच गोदीने ब्लूनोज दुसरी बांधली. लेकीकडे गेलो होतो तेव्हा लुनेनबर्गच्या धक्क्यावर आम्ही पाहिली ती ही दुसरी.

मूळ जहाज ४३.६ मीटर. किट १:७५ चं, म्हणजे नुसता सांगाडा ५८ सेंटीमीटर. नाळेपुढे (नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक) आलेली काठी आणि मागे लोंबणारा बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) धरला तर पाऊण मीटरच्या आसपास. या मापात मी स्वतः पावणेतेवीस मिलिमीटर उंच.

कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून हिचं चित्र आहे. लेकीने एक नाणं खोक्यात टाकून ठेवलं होतं. डोलकाठीखाली नाणं ठेवायची जुनी चाल आहे म्हणे, जहाज बांधताना. नाणं १८ मिलिमीटरचं आणि डोलकाठीचं भोक ७ चं. काहीतरी करू.

२२ मे

पहिलाच भाग वाकडा. जहाजाच्या पोटात प्लायचा उभा सपाट कणा असतो, त्याला खाचा असतात आणि त्यात आडव्या फासळ्या बसतात. बाहेरून दिसणारा कणा वेगळा, म्हणून याला खोटा कणा म्हणतात. काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातलं तर मध्ये दीड मिलिमीटर फट. ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसला आणि ओट्याच्या उरलेल्या दोन कडाप्प्यांमध्ये दाबून वर दळणाचा डबा ठेवला. ही म्हणाली, "अहो, उद्या दळण आणायचंय." उद्या दुसरं वजन शोधतो.

२६ मे

कणा सरळ झाला. अकरा फासळ्या कोरड्याच बसवून पाहिल्या. लेझरने जळलेली काळी कड गोंद धरत नाही, ती आधी घासून काढायची. हे पुस्तिकेत नाही, पहिली फासळी दुसऱ्या दिवशी हातात आली तेव्हा कळलं. प्रत्येक फासळी गुण्याने तपासून चिकटवली. यात मी राजा. अकराही फासळ्या कण्याला काटकोनात, वरून पाहिलं तर एका रेषेत.

नाण्याचा निकाल लावला. मोठी डोलकाठी जिथे येणार तिथे दोन फासळ्यांच्या मध्ये, कण्याला टेकून, फेव्हिकॉलने चिकटवलं. लेकीने फोटो काढला. मग वरून डेकची पातळ प्लाय बसवली. ती दोन्ही दिशांना किंचित बाकदार बसते, पाणी वाहून जावं म्हणून. बाइंडर क्लिपा सोळा लागल्या.

२ जून

फासळ्यांच्या कडा तासायचं काम. हे समजायला मला दोन दिवस लागले, म्हणून नीट लिहितो.

फासळी प्लायची, कड सरळ कापलेली. पण जहाज पुढे निमुळतं होत जातं, म्हणजे फळी त्या कडेवर तिरपी येणार. कड सरळच ठेवली तर फळी फक्त एका टोकाला टेकते, गोंदाला जागाच नाही. म्हणून पुढच्या अर्ध्या भागात फासळीची नाळेकडची कड घासायची आणि मागच्या अर्ध्यात मागची. किती घासायची? इथेच माझी गाडी अडली. नकाशात कोन दिलेला नाही. मी प्रत्येक फासळीचा कोन त्रिकोणमितीने काढला, तक्ता केला, कानशीला कोनाचा ठोकळा लावला. दोन दिवस गेले. पट्टी ठेवून पाहिली तर तीन नंबरच्या फासळीवर टेकतच नव्हती, चारवर उंचवटा.

खालच्या मजल्यावर एका फ्लॅटचं फर्निचर चाललंय. तिथला सुतार चहाच्या सुट्टीत वर आला, पोरगा तिशीतला. सांगाडा हातात घेतला, लिंडनची एक पट्टी फासळ्यांवर अंगठ्याने दाबून धरली, एक डोळा मिटला आणि नाळेच्या बाजूने पाहिलं. "काका, इथे पोट आलंय. आणि इथे खड्डा. आकडे ठेवा बाजूला, डोळा लावा." कानस घेतली, चारच्या फासळीवर सहा-सात हात मारले, तीनवर प्लायची एक चिपळी चिकटवायला सांगितली. दोन मिनिटं. पट्टी सगळीकडे टेकली.

जाता जाता विचारलं, "सागवानात का नाही करत?" सागाचा दाणा या मापाला फार मोठा दिसतो आणि लाकूड तेलकट, गोंद नखरे करतो. खऱ्या जहाजाची गोष्ट निराळी. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेली ट्रिंकोमली ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. ब्लूनोज मात्र तिकडच्याच स्प्रूस आणि ओकची, पंचवीस वर्षं टिकली आणि तीही खडक आडवा आला म्हणून गेली. सुताराला ट्रिंकोमलीचं सांगितलं तर म्हणाला, "मग, साग तो साग."

९ जून

लेक परत गेली. विमानतळावर नाण्याची आठवण करून दिली.

१६ जून

फळ्या सुरू. मधल्या फासळीवर डेकपासून कण्यापर्यंत अंतर १०० मिलिमीटर, म्हणजे पाच मिलिमीटरच्या वीस पट्ट्या. तेच अंतर नाळेजवळच्या पहिल्या फासळीवर ५८. वीस पट्ट्या तिथे मावायच्या तर प्रत्येक पट्टी २.९ मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. अर्ध्याच्या खाली म्हणजे अडीचच्या खाली उतरायचं नाही, नाहीतर टोक चिरतं आणि चूक ठोकायला जागा राहत नाही. म्हणजे आपण जेमतेम सुटलो.

पट्टी पत्र्याच्या दोन तुकड्यांत धरून छोट्या रंध्याने निमुळती करायची. नंतर कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं. मी पहिली पट्टी रात्रभर ठेवली, जास्त मऊ होईल म्हणून. सकाळी ती फुगून सव्वापाच झाली होती, वाळल्यावर पुन्हा आखडली आणि शेजारच्या पट्टीशी केसाएवढी फट पडली. वाकवायला गरम इस्त्री, तीही घरातली जुनी.

दिवसाला दोन फळ्या. त्याहून जास्त जमत नाही.

२९ जून

तुकोबांची पालखी आज आकुर्डीला. सकाळी दर्शनाला जाऊन आलो, दुपारी बसलो आणि जे पाहिलं त्याने तोंडचं पाणी पळालं.

गेल्या आठवड्यात हात बसला होता, म्हणून उत्साहाच्या भरात उजव्या बाजूला सलग सहा फळ्या लावल्या होत्या. डाव्या बाजूला दोनच. आज काचेवर उलटा ठेवला तर कणा केळ्यासारखा उजवीकडे वळलेला. मोजला: टोकाला सव्वादोन मिलिमीटर. खऱ्या मापात सतरा सेंटीमीटर. असं जहाज सुकाणू सरळ धरलं तरी गोल फिरत राहिलं असतं.

कारण साधं आहे. ओली पट्टी वाळताना आखडते आणि सगळा सांगाडा आपल्याकडे ओढते. दुसऱ्या बाजूला तितकाच ओढणारा हवा. वेल्डिंगमध्ये हेच होतं, एका बाजूने सलग वेल्ड मारला की प्लेट वळते, म्हणून आलटून पालटून टाके मारतात. हे मी शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं सांगितलंय.

उपाय: जाड लाकडी फळीवर दोन अँगल आवळले, त्यांच्यामध्ये कणा सरळ पकडला, उलट अर्धा मिलिमीटर जास्तच दाबला, आणि तसाच ठेवून डाव्या बाजूच्या चार फळ्या लावल्या. तीन दिवस सोडणार नाही.

३ जुलै

सोडला. उरला पाऊण मिलिमीटर. पूर्वी असता तर जॉब भंगारात टाकला असता. सुताराला दाखवला, त्याने डोळा लावला, म्हणाला दिसत नाही. तर दिसत नाही. पुढे चाललो.

२५ जुलै

काल रात्रीपासून पाऊस थांबलेलाच नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, पुण्यात सिंहगड रस्त्याकडे घराघरांत पाणी शिरलं. इथे दिवसभर लाइट ये-जा करतेय. फेव्हिकॉल वाळायला चाळीस मिनिटांऐवजी तीन-चार तास घेतोय, भिंतीला ओल, पट्ट्या न भिजवताच वाकतात. एकोणीस फळ्या झाल्या. शेवटच्या फळीच्या जागी मागच्या बाजूला सुरीच्या पात्यासारखी लांब त्रिकोणी फट राहते, कारण मागे सुकाणूजवळ घेर वाढतो. तिथे पाचर कापून बसवायची. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला, तो लाकडावर उतरवला, घासत घासत बसवला. व्हर्नियर काढलाच नाही. हे लिहिताना लक्षात आलं.

४ ऑगस्ट

आतला थर पूर्ण. रूप असं की म्हातारी गाय बसलीय. बरगड्या दिसतात, नाळेच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या पडल्यात. पुस्तिका म्हणते, "हलकेच घासा." हलकेच! ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चार दिवस घासलं. भुसा चहात, वरणात, देव्हाऱ्यात. हिने मला जहाजासकट बाल्कनीत काढलं.

खड्ड्यांना लांबी (पुटी) भरली. घासलं, पुन्हा भरली. दिव्याखाली सगळं सपाट वाटतं. डोळे मिटून तळवा फिरवला की उंचवटा कळतो.

१८ ऑगस्ट

बाहेरचा थर, अक्रोड. ०.६ मिलिमीटर जाडी म्हणजे जवळजवळ व्हिजिटिंग कार्डाची जात. इथे चुका नाहीत, नुसता गोंद. फेव्हिक्विक वापरून पाहिला, तो दाण्यात शिरून काळे डाग पाडतो. शिवाय एक पट्टी वाकडी बसली ती कायमची, आणि माझं बोट पट्टीला ते वेगळंच. फेव्हिकॉलवर परत आलो. पट्टीला पातळ हात द्यायचा, पाच मिनिटं वाळू द्यायचा, मग लावून गरम इस्त्रीने दाबायचं. गोंद पुन्हा मऊ होतो आणि थंड झाला की धरतो.

सुरुवातीला कमी भरलेल्या दोन पट्ट्यांचा हिशेब आज लागला. डाव्या बाजूला कण्यालगतची शेवटची जागा रिकामी राहिली. तिथे लिंडनची पट्टी तासून बसवली. ती पाण्याखालच्या रंगाखाली जाईल.

७ सप्टेंबर

गणपती. बाल्कनीतलं टेबल सजावटीला गेलं, जहाज कपाटावर. दहा दिवस हात लावणार नाही. आरतीला येणारा प्रत्येक जण कपाटाकडे बघून "हे काय?" विचारतो आणि ही उत्तर देते, "यांचं चाललंय."

२२ सप्टेंबर

व्हायचं ते झालं. नाळेपासून तीन बोटांवर, उजव्या बाजूला, अक्रोडाखालचा पांढुरका लिंडन दिसला. एक उंचवटा राहिला होता, तो घालवायला घासत गेलो आणि थर संपला. रुपयाएवढा पांढरा ठिपका, नेमका नजरेच्या उंचीवर.

दोन दिवस टेबलाकडे गेलो नाही.

मग नकाशे पुन्हा उघडले आणि स्वतःचीच लाज वाटली. ब्लूनोज होती काळी. वर काळा रंग, पाण्याखाली तांबडा, मध्ये पांढरा पट्टा, काठाखाली बारीक पिवळी रेघ. खोक्यावरच्या फोटोत उघडा अक्रोड दिसतो, तो त्या किटवाल्यांचा शौक. समुद्रात मासे मारणारी बोट कोण पॉलिश करून ठेवतं? तिला रंगच हवा. ठिपका रंगाखाली गेला.

६ ऑक्टोबर

रंगाचंही सांगतो. आधी लाखदाण्याचा पातळ हात, लाकूड पाणी पिऊ नये म्हणून. वर राखाडी प्रायमर. प्रायमर लागल्यावर पंधरा दिवसांपूर्वी गुळगुळीत वाटलेलं जहाज खड्ड्यांनी भरलेलं दिसलं. लांबी, ३२० चा पेपर, पुन्हा प्रायमर, असं तीनदा. काळा चकचकीत घेतला असता तर प्रत्येक लाट दिसली असती, म्हणून अर्धवट मॅट घेतला.

पांढऱ्या पट्ट्यासाठी पाण्याची रेघ मारायची होती. जहाज सपाट पाटावर लाकडी ठोकळ्यांनी पक्कं उभं केलं, हाइट गेजला (ठरावीक उंचीवर रेघ आखायचं साधन) पेन्सिल लावली आणि चारही बाजूंनी फिरवली. पाच मिनिटांत, केसाचाही फरक नाही. टूलरूमच्या माणसाला कुठेतरी मान आहे तर.

आणि रंगासाठी जहाज उलटं केलं तेव्हा पोटातून आवाज आला. खळ्ळ. पुन्हा सुलटं, पुन्हा खळ्ळ. नाणं सुटलं. फेव्हिकॉल लाकडाचा गोंद, गुळगुळीत धातूला तो धरत नाही. हे आयुष्य धातूत घालवलेल्या माणसाला मे महिन्यात सुचलं नाही. आता सगळीकडून बंद. डेक, आतला थर, बाहेरचा थर, रंग. काढायचा रस्ता नाही.

लेकीला फोन केला. पाच मिनिटं नुसती हसत होती.

२० ऑक्टोबर

डेक. पट्ट्यांचे दहा-दहा सेंटीमीटरचे तुकडे, म्हणजे खरी साडेसात मीटरची फळी. सांधे एकाशेजारी एक येऊ द्यायचे नाहीत, चार ओळींनी फेर पूर्ण करायचा, वीट रचावी तसं. खऱ्या जहाजात दोन फळ्यांच्या मध्ये वाख ठोकून वर डांबर ओततात, ती काळी रेघ दाखवायला प्रत्येक तुकड्याच्या कडेला ६बी पेन्सिल फिरवली. चिकटवून घासल्यावर रेघा इतक्या नाजूक उमटल्या की ही मुद्दाम चष्मा लावून बघायला आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या गडबडीत डोऱ्या केल्या. डोरी म्हणजे छोट्या सपाट बुडाच्या होड्या. ब्लूनोजवरून थेट मासेमारी होत नसे. मोठं जहाज ग्रँड बँक्सवर उभं राही आणि या होड्यांत एकेका होडीला दोघे बसून लांब दोरीला शेकडो गळ लावून कॉड धरत. धुकं उतरलं की होडीला जहाज सापडत नसे. होड्यांच्या आडव्या फळ्या काढल्या की त्या एकीत एक बसतात, स्टीलच्या वाट्यांसारख्या, म्हणून डेकवर मावत. किटात ओतीव धातूच्या आल्यात. पिवळा रंग दिला. खरं तर सगळ्या जहाजात मला याच जास्त आवडल्या.

१७ नोव्हेंबर

डोलकाठ्या. गोल काठी ड्रिलमध्ये पकडून फिरवायची आणि पॉलिश पेपरने वर निमुळती करायची, लेथवर टेपर काढल्यासारखं. अर्ध्या दिवसात दोन्ही झाल्या. दोन्ही किंचित मागे कललेल्या हव्यात आणि एकमेकींना समांतर. ओळंबा सोडून जमवलं.

शिडं लावायची नाहीत, असं ठरवलं. किटातलं कापड काढलं तर खरं, पण शिवणीचा टाका दोन मिलिमीटरचा, म्हणजे जहाजाच्या मापात पंधरा सेंटीमीटरचा. मोठं शीड खरं सुमारे ४,००० चौरस फुटांचं होतं, आमचं दोन बीएचके आतून त्याच्या पाचव्या भागात येतं. ते गोधडीच्या टाक्यांनी शिवलेलं बघवणार नाही. ही म्हणाली, "मला द्या, मी बारीक शिवते." पण नुसत्या दोऱ्यांचा सांगाडाच जास्त छान दिसतो. यावर एकमत नाही.

१५ डिसेंबर

दोर. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या जाड दोरांच्या खाली तीन भोकांच्या लाकडी चकत्यांच्या जोड्या असतात, डेडआय म्हणतात. दोन चकत्यांतलं अंतर सगळीकडे सारखं हवं. पितळी तारेचा इंग्रजी यू सारखा फिक्स्चर (अंतर पक्कं धरून ठेवणारा साचा) केला, टोकं दोन्ही चकत्यांच्या भोकांत घालायची, दोर ओवून ताणायचा, गाठ मारायची, तार काढून घ्यायची. सगळ्या एका ओळीत आल्या. असं फिक्स्चर मी तीस वर्षांत हजार केलेत, पण कुणी बघून "वा" म्हणालं नव्हतं. सुतार म्हणाला.

त्या दोरांवर आडव्या बारीक दोऱ्या बांधून शिडी करायची, खलाशांना चढायला. पायऱ्यांत पाच मिलिमीटर अंतर. चार शिड्या, प्रत्येकी चाळीस पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीन गाठी. ४८० गाठी. दोरा आधी मेणावरून ओढून घ्यायचा, नाहीतर सुटलेले तंतू या मापात दोरखंडाएवढे दिसतात. दोन वेढ्यांची गाठ मारायची, जास्त ओढायची नाही. मी पहिली शिडी ताणून बांधली आणि बाजूचे दोर आत ओढले जाऊन मध्ये कंबर आली, डमरूसारखी. कापून पुन्हा. कंबर आलीय का हे गाठ मारताना कळत नाही, दर पाच पायऱ्यांनंतर दोन पावलं मागे जाऊन बघायचं. सुताराची ती एक डोळा मिटायची सवय मला लागलीय.

१४ जानेवारी २०२५

तिळगूळ. शेजारचा पोरगा पतंगाची चकरी घेऊन आला आणि टेबलावर रिळं बघून म्हणाला, "आजोबा, मांजा देऊ? तुटणार नाही." नको म्हटलं. शेवटची शिडी कालच झाली.

२ फेब्रुवारी

बूमचे दोर, सुकाणूचं चाक, नांगर. चार दिवस किरकोळ. डाव्या बाजूची एक डेडआय उलटी बसलीय, आज दिसली. राहू दे.

नाव लिहिलं, मागे "ब्लूनोज" आणि खाली "लुनेनबर्ग", दोन्ही देवनागरीत. लेक म्हणाली, चालतं.

९ फेब्रुवारी

काचेची पेटी हवी, नाहीतर ४८० गाठींवरची धूळ कोण पुसणार. मापं घेतली: लांबी ८५, रुंदी २४, उंची ७० सेंटीमीटर. काचवाल्याकडे गेलो. त्याने माप लिहून घेतलं, जाडी विचारली, सिलिकॉन कुठलं लावू विचारलं. मग म्हणाला, "काका, पाण्याच्या प्रेशरला पाचची काच चालणार नाही, आठची घ्या. मासे कुठले ठेवणार?"

"पाणी नाही, बोट आहे."

"मग मासे?"

म्हटलं, कॉड. त्याने तेही वहीत लिहून घेतलं.